गप्प बसलं की तुटणारा फोन

श्रीशैलचं घराणं किराण्याचं. अंबाजोगाईच्या मंडी बाजारात आज्यापासून गूळ, खोबरं, शेंगदाणे विकत आलेले हे लिंगायत लोक, आणि हा मात्र लहानपणापासून तारांच्या नादी लागलेला. वडिलांनी गल्ल्यावर बसवला की हा शेजारचा रेडिओ उघडून बसायचा आणि गिऱ्हाईक उभं राहून राहून दुसऱ्या दुकानात जायचं. वडील फार कडक. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून ते दुकानात आले की हमालसुद्धा हळू बोलत. श्रीशैल आणि त्याची धाकटी बहीण जगदेवी आतल्या खोलीत काही बोलत असली आणि वडिलांची चाहूल लागली, की दोघं एकदम गप्प व्हायची. उठून जायची नाहीत, फक्त गप्प. वडील आत येऊन पाणी पिऊन परत जाईपर्यंत तशीच बसायची, आणि ते गेले की तुटलेलं वाक्य तिथूनच पुढं सुरू व्हायचं. हे मी कितीदा तरी पाहिलंय, कारण आमचं बिऱ्हाड त्यांच्याच मागच्या खोलीत होतं.

मी मुंजाजी. आमचा बाप हरिबा मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने बाहेर असायचा, आणि आई सारजाबाई आम्हाला शाळेसाठी अंबाजोगाईत धरून बसलेली. पुढं श्रीशैलनं टेलिफोन दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून मी झेरॉक्सचं मशीन लावलं. मी तोंडाचा फटकळ आहे हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणाला वाईट वाटायला नको.

देश खुला झाला म्हणतात ती ही वर्षं. आधी आमच्याकडे चौकाचौकात एसटीडीचे बूथ उगवले. मग लॉजवाल्यांना, डॉक्टरांना खोल्याखोल्यांत फोन हवे झाले आणि श्रीशैलला दिवसभर फुरसत मिळेना. मग एकाएकी इंटरनेटवरून चालणारे फोन आले. टाय लावलेले एजंट यायचे, एक डबा विकायचे आणि पुन्हा तोंड दाखवायचे नाहीत. आमची माणसंही काही कमी नव्हती. एक डबा औरंगाबादहून, दुसरा पुण्याहून, तिसरा कुणाच्या मेहुण्याकडून, जो जिथं स्वस्त मिळेल तिथून आणायचे, आणि वर विचारायचे की हे एकमेकांशी बोलत कसे नाहीत. सगळे डबे एकाच नियमानं चालतात असं प्रत्येक एजंट छातीवर हात ठेवून सांगायचा. नियम एकच होता हे खरं, पण तो प्रत्येक कंपनीनं आपापल्या सोयीनं वाचलेला. घंटी वाजायची, पण आवाज यायचा नाही. आवाज आला तर एकाचा दुसऱ्याला जायचा, दुसऱ्याचा परत यायचा नाही. कंपनीला विचारावं तर ती म्हणणार, आमच्यात दोष नाही, पलीकडच्या डब्यात बघा. पलीकडचे तेच म्हणणार. या सगळ्यांच्या मध्ये श्रीशैल पाना-पेचकस घेऊन बसलेला असायचा. जुळवून देणारा माणूस म्हणून त्याचं नाव झालं होतं आणि त्याला त्याचा अभिमानही होता.

आईवडील गेल्यावर जगदेवीचं माहेर म्हणजे श्रीशैल एकटाच. त्यानं तिला दिंद्रुडला चांगल्या घरात दिली. सासरे बसवेश्वर अप्पा, आडतीचा मोठा व्यापार. नवरा सोमलिंग गेवराईची पेढी सांभाळायचा आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. दिंद्रुडच्या घरात पुढं दुकान, मागं राहणं, आणि मधल्या खोलीत अप्पांची गादी. सरकारी फोन गादीवर, आणि त्याच्या डायलला छोटं कुलूप. किल्ली अप्पांच्या कमरेला. जगदेवीला भावाशी बोलायचं तर अप्पांनी कुलूप काढून द्यायला हवं, आणि सून सासऱ्याला तसं म्हणणार कशी.

मग अप्पांनी दोन्ही पेढ्यांना आणि अंबाजोगाईच्या खरेदी ऑफिसला जोडणारे इंटरनेटचे फोन घेतले. अर्थात तीन ठिकाणी तीन कंपन्यांचे. महिनाभर कुणाचंच कुणाला ऐकू येईना, तेव्हा अप्पांना सुनेच्या भावाची आठवण झाली. श्रीशैल धावत गेला. बहिणीच्या घरचं काम, त्यात तिचा मान. तो दिंद्रुड, गेवराई असा फेऱ्या मारत राहिला आणि शेवटी जुळवलंच. देखभालीला सोपं जावं म्हणून त्याच जाळ्यातला एक फोन स्वतःच्या दुकानातही बसवून घेतला. हा नवा फोनही गादीवरच होता, पण त्याला कुलूप नव्हतं, कारण तो या जोडलेल्या ठिकाणांपुरताच चालायचा. दुपारी अप्पा जेवून पडले की जगदेवी फोन करायची. त्या दिवसांत श्रीशैलचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

दिंद्रुडला इंटरनेटची लाईन बारीक होती, आवाज अडखळत यायचा. म्हणून श्रीशैलनं तिथल्या डब्यात एक सोय चालू केली. कुणी बोलत नसेल तेव्हा डब्यानं लाईनीवर काहीच पाठवायचं नाही, म्हणजे बोलताना लाईन मोकळी मिळते. त्यानंतर आवाज खरोखर स्वच्छ झाला. मागची खरखर गेली, पंख्याची घरघर गेली, तागडीचा खणखणाटही गेला. तो मला रिसीव्हर कानाला लावून ऐकवायचा. मला ते काही बरं वाटलं नव्हतं. मेंढरं बसवलेल्या जाळीच्या वाघरीतून रात्रभर बारीक आवाज येत असतो, कुठं चघळणं, कुठं खोकणं, आणि तो आवाज पूर्ण थांबला की माझा बाप काठी घेऊन उठायचा. त्या फोनमधली शांतता मला तशी वाटली. मी तसं बोललोही, तर श्रीशैल म्हणाला, माणूस विड्या कमी ओढील तर असले भास व्हायचे नाहीत.

त्यानं चाचणी भरपूर घेतली होती. पण आपल्याकडं चाचणी म्हणजे काय? दोघांनी दोन टोकांना उभं राहून ओरडायचं, हॅलो हॅलो, येतंय का, येतंय येतंय. आडतीवरचे लोक तर फोनवर श्वास घ्यायलाही थांबत नाहीत. कुठं काही बिघडलंय असं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

जगदेवीला दोन मुली. पंचमीला ती माहेरी आली तेव्हा तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. या वेळी घरात वेगळं वारं वाहतंय, हे तिनं भावाला सांगितलं. आधी तपासून आणायचं, असं सासू म्हणते. तपासून काय करायचं हे कुणी बोलत नाही, पण आमच्या जिल्ह्यात ते बोलून दाखवावंही लागत नाही. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी माडीवर, पाटी नसलेला एखादा डॉक्टर असतोच. मला हे ऐकून इतका संताप आला की मी दुकानाचं शटर पाडून घरी निघून गेलो. श्रीशैल मात्र तिला म्हणाला, मोठं घर आहे, मोठ्या घरात असं चालायचंच, अजून कुणी काही केलेलं नाही, जरा जुळवून घे. जगदेवी त्या दिवशी न जेवता गेली. तो वाईट माणूस नव्हता. त्याला आयुष्यभर जे जमलं होतं तेच त्यानं तिला सांगितलं, आणि ते चूक होतं.

त्यानंतर तिचे फोन विचित्र झाले. चार वाक्यं बोलायची, एकदम गप्प व्हायची, आणि थोड्या वेळानं श्रीशैलच्या कानात टूं टूं वाजायला लागायचं. पहिल्यांदा तो वाट पाहत बसला, कारण सासरे आले असतील हे त्याला कळत होतं. लहानपणी वडील पाणी पिऊन जाईपर्यंत बसायचा तसाच तो रिसीव्हर धरून बसला. पण लाईन तुटली. पुढच्या वेळी तसंच, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. आपण उलट फोन करायचा नाही हे त्यांचं ठरलेलं होतं, कारण घंटी अप्पांच्या गादीवर वाजली असती. तो मला म्हणाला, ती रागावलीय, माझ्या तोंडावर फोन ठेवते. त्याला ते लागलं होतं. मी म्हटलं, मग जाऊन ये की दिंद्रुडला. तो म्हणाला, जाईन, राग निवला की जाईन. आणि तो गेला नाही.

एका सकाळी तो एका दवाखान्यात वायरिंग बघायला गेला होता. त्याच्या दुकानातला फोन वाजायला लागला म्हणून मी जाऊन उचलला. जगदेवी होती. दादा नाही म्हटल्यावर ती क्षणभर घुटमळली. मग घाईनं, दबक्या आवाजात म्हणाली, "मुंजाजीभाऊ, त्याला म्हनावं, परवा सगळं बोलले ते ध्यानात हाय ना? गाडी आजच यायलीय. त्याला म्हनावं…"

तिथं ती थांबली. मी थांबलो. श्वाससुद्धा ऐकू येईना. कुणी तरी खोलीत आलं असणार हे मला कळलं, आणि मी रिसीव्हर कानाला गच्च दाबून उभा राहिलो. थोड्याच वेळात टूं टूं सुरू झालं. मी दुकान उघडं टाकून दवाखान्याकडं पळालो आणि श्रीशैलला जिन्यावरच गाठला.

तिचा निरोप मी शब्द न गाळता सांगितला. तो म्हणाला, "परवा? परवा ती काईच बोलली न्हाई. कसा हायस म्हनली, अन् फोन ठिवला."

मी म्हटलं, "ती म्हनती सगळं बोलले. अन् आज तिनं फोन ठिवलेला न्हाई, बे. मी कान लावून होतो. ठिवल्याचा आवाज कुठं आला?"

तो तडक दुकानात आला. दिंद्रुडला बसवला होता त्याच कंपनीचा एक डबा त्याच्याकडं सुटा पडलेला होता. तो त्यानं माझ्या झेरॉक्सच्या टेबलावर जोडला, सोय चालू केली, आणि भिंतीपलीकडून मला फोन लावायला सांगितलं. मी लावला. तो म्हणाला, आता बोलू नको.

भर उन्हाची वेळ, बाजारात वर्दळ, आणि आम्ही दोघं मोठी माणसं भिंतीच्या दोन बाजूंना रिसीव्हर कानाला लावून गप्प बसलेलो. कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. माझ्या कानात काही नव्हतं, नुसती ती साफ शांतता. मी धरून राहिलो. तेवढ्यात श्रीशैल माझ्या दारात येऊन उभा राहिला, त्याच्या हातात रिसीव्हर नव्हता. तो म्हणाला, माझ्याकडं केव्हाच तुटला. मी माझा रिसीव्हर त्याच्या कानाला लावला. तिथं टूं टूं नव्हतं, काहीच नव्हतं. माझ्या लेखी लाईन चालूच होती.

मग त्यानंच ते मला समजावून सांगितलं. दिंद्रुडचा डबा गप्पपणात काही पाठवत नाही. आमच्याकडचा डबा दुसऱ्या कंपनीचा, त्याला थोडा वेळ काही आलं नाही की तो पलीकडचा माणूस गेला असं धरतो आणि लाईन तोडतो. आणि तोडल्याचं तिकडच्या डब्याला कळेल अशा रीतीनं सांगतही नाही. म्हणजे अप्पा खोलीतून जाईपर्यंत जगदेवी गप्प राहायची आणि तेवढ्यात तिचा भाऊ लाईनीवरून गेलेला असायचा. अप्पा गेल्यावर ती लहानपणीसारखी तुटलेल्या वाक्यापासून पुढं बोलायला लागायची, आणि तिचं सगळं सांगणं कुणाच्याच कानात जात नव्हतं.

"किती दिवस?" मी विचारलं. तो मोटरसायकलची किल्ली शोधत होता आणि ती त्याच्या हातातच होती.

गाडी मी चालवली. धारूरचा घाट उतरताना तो मागं बसून एकसारखा बोलत होता, मला म्हणत होता की अजून वेळ आहे, मोठ्या घरातली माणसं दुपारची निघत नाहीत, ऊन उतरल्यावर निघतात. मला वाटत होतं त्यानं गप्प बसावं, आणि तो गप्प बसेल याचीही भीती वाटत होती.

दिंद्रुडला पोचलो तेव्हा अप्पा गादीवर बसले होते. आम्ही शरणार्थ म्हणून नमस्कार केला, त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. पाऊसपाणी विचारलं, अंबाजोगाईत भाव काय चाललाय ते विचारलं. श्रीशैलनं जगदेवीला बोलवा म्हटल्यावर म्हणाले, ती सासूबरोबर गेवराईला गेलीय, सोमलिंगकडं, चार दिवस आराम होईल. इतक्या शांतपणे म्हणाले की माझं रक्त उकळलं. दोन्ही मुली दाराच्या आड उभ्या होत्या. आईचं नाव निघताच थोरलीनं धाकटीला आत ओढून नेलं.

श्रीशैलनं गादीवरच्या त्याच फोनवरून गेवराईला लावला. सोमलिंगनं उचलला. जगदेवी तिथं पोचली का, एवढंच यानं विचारलं. तिकडून उत्तर आलं नाही. श्रीशैल पुन्हा पुन्हा हॅलो म्हणत राहिला, आणि सोमलिंगनं फोन ठेवला की डब्यानं तोडला, हेही आम्हाला कळायला मार्ग नव्हता. अप्पा आमच्याकडं न बघता सुपारी कातरत होते.

मी पाणी प्यायच्या निमित्तानं मागं गेलो. तिथं भांडी घासणारी कडूबाई होती. तिनं आधी पुढच्या खोलीकडं पाहिलं, मग राखेनं भरलेल्या हातानं मला जवळ बोलावलं. म्हणाली, "मागल्या हप्त्यात तपासून आनलं. पोरगी हाय म्हनं. आज सकाळीच जीपमंदी नेलं बाईला. कुठं नेलं ते आमाला कोन सांगतंय."

श्रीशैलला मी ते बाहेर, गाडीजवळ सांगितलं. तो परत आत शिरला आणि अप्पांना काय वाटेल ते बोलला. ज्या माणसासमोर तो आयुष्यात मान वर करून उभा राहिला नव्हता, त्याच्यासमोर. अप्पांनी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, आमच्या घरचं आम्ही बघून घेऊ, तुम्ही तुमची परतायची वेळ चुकवू नका. पोलीस चौकीत गेलो, तर तिथल्या हवालदारानं अप्पांचं नाव ऐकून आम्हालाच बसा म्हटलं आणि बसवूनच ठेवलं. जीप कुठल्या दिशेला गेली हे त्या एवढ्या मोठ्या गावात कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती जीप आपण होऊन अंबाजोगाईत आली. सगळ्या जिल्ह्यातलं हातातून गेलेलं माणूस शेवटी आमच्या सरकारी दवाखान्यातच आणतात. सासूनं जगदेवीला दाराशी उतरवलं, दारातल्या माणसाला श्रीशैलचं नाव सांगितलं, आणि ती त्याच जीपनं निघून गेली. मूल नव्हतंच आता. जगदेवीचं रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरांनी धावपळ केली, बाटल्या लावल्या, श्रीशैलचं रक्त जुळलं तेव्हा तेही घेतलं, आणि ती वाचली. पण पुन्हा मूल होणार नाही, असं आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं.

ती शुद्धीवर आली तेव्हा आम्ही दोघं खाटेजवळ होतो. तिनं भावाकडं पाहिलं. रागानं नाही, त्यानं मला जास्त भीती वाटली.

"तू कावून आला न्हाईस, दादा?" तिनं विचारलं.

श्रीशैलनं सांगायला सुरुवात केली. फोन तुटत होता, तू गप्प झालीस की तुटत होता, मला काही ऐकू आलं नाही, दोन कंपन्यांचे डबे होते, एक पाठवत नव्हता आणि दुसरा तोडत होता. दिवसभर लोकांना समजावणारा माणूस, पण त्याचं वाक्य पुरं होईना. ती सगळं ऐकत होती. ते तिला समजलं की नाही कोण जाणे. 

तो थांबल्यावर म्हणाली, "मी तर सगळं सांगितलंतं. कंदी नेनार ते बी सांगितलंतं. पयल्यांदा नेलं तवा मी दाराला धरून बसले, सासूनं मारलं तरी सोडलं न्हाई, तवा कुठं उचलून नेऊन तपासलं. मग तुला सांगितलं. तू गप बसून आईकलं अन् आला न्हाईस. मला वाटलं, तुजी बी हीच मर्जी हाय. मग काल मी भांडले न्हाई, दादा. आपल्या पायानं जाऊन गाडीत बसले."

मी उठून व्हरांड्यात गेलो. आत श्रीशैल रडत होता ते बाहेर ऐकू येत होतं. जगदेवीचा आवाज येत नव्हता.